कान्ह्याच्या फाटकावर

इंदूरहून रेल्वेने जबलपूर, तेथून मंडल्यावरून बसने खटिया. अशा रीतीने, कोणत्याही प्रवासी संस्थेवाचून, आम्ही कान्हा राष्ट्रीय उद्यानास पोहोचलो. वाचकांनी प्रवेशपत्रे आधीच ऑनलाइन काढावीत. पावसाळ्यात उद्यान बंद असते. नोंदणीत दिलेले मूळ ओळखपत्र मात्र विसरू नये. ते घरी राहिल्याने आमच्या दादांना फाटकावरूनच परतावे लागले.

हिवाळ्याची पहाट, उघड्या जीपमध्ये लोकरी शालीही अपुऱ्या पडल्या. वाघाने दर्शन दिले नाही. परंतु १९७० मध्ये ज्या बारशिंग्यांची संख्या जेमतेम ६६ उरली होती, त्यांचा मोठा कळप धुके भरल्या कुरणात निवांत चरत होता. ज्यांच्या हौसेखातर निघालो, ते दादाच तेवढे या दर्शनास मुकले, ही रुखरुख अजून आहे.