खिशातला कॅमेरा आणि कृष्णेचा घाट

आमचे वडील गेले त्या दिवशी घरात त्यांचा एक धड फोटो सापडेना. लग्नातला होता, पण तो मिसरूड फुटलेल्या तरुणाचा. पासपोर्टचा होता, तो पाहून कुणीही त्यांना चौकीवर नेले असते! शेवटी चुलतबहिणीच्या लग्नातल्या घोळक्यातून त्यांना कापून वेगळे काढले. भिंतीवरच्या त्या तसबिरीच्या कोपऱ्यात कुणाचा तरी खांदा अजून आहे. सकाळी चष्मा कपाळावर सारून वर्तमानपत्र चाळणारे आमचे वडील मात्र एकाही फोटोत नाहीत.

म्हणून ब्याऐंशी वर्षांच्या आईला तिच्या माहेरी, वाईला न्यायचे ठरले, तेव्हा आधी कॅमेरा घ्यायचा असे मी ठरवले.

“मोबाइल आहे की!” आमच्या सौ. म्हणाल्या.

“आणि कपाटातला तो थोरला कॅमेराही आहे.”

दोन्ही खरे. भर उन्हात मोबाइल उत्तम फोटो काढतो. पण तो वर धरला की आई पदर सारखा करते आणि शाळेत तपासनीस आल्यासारखा चेहरा करते. थोरल्या कॅमेऱ्याचे ओझे एवढे, की तो लग्नकार्याशिवाय कपाटाबाहेर पडत नाही.

मुंबईच्या फोर्ट भागात बोरा बाजारात कॅमेऱ्यांची जुनी दुकाने आहेत. तिथल्या एका वयस्क दुकानदारांनी मला शहाणे केले. “मेगापिक्सेल विचारू नका, आतला सेन्सर केवढा ते विचारा,” ते म्हणाले. सेन्सर म्हणजे प्रकाश झेलणारी पाटी. अंगणात परात ठेवली तर वाटीपेक्षा जास्त पाऊस साठतो, तसेच हे. २०१२ साली सोनीने आणलेल्या आरएक्स १०० या छोट्या कॅमेऱ्यात ही पाटी १३.२ बाय ८.८ मिलिमीटरची. २०१९ साली निघालेल्या रिको जीआर ३ मध्ये ती साधारण २३.५ बाय १५.६ मिलिमीटरची, म्हणजे क्षेत्रफळाने तिपटीहून मोठी. आणि वजन सारे २५७ ग्रॅम! पहिल्यात दूरचे जवळ आणणारा झूम आहे, दुसऱ्यात नाही. “झूम नाही, मग लांबचे कसे टिपायचे?” मी विचारले. “दोन पावले पुढे जायचे,” ते म्हणाले. मी दुसरा घेतला, तोही वापरलेला. सदऱ्याच्या खिशात तो सहज मावला. अशा खरेदीत हीच खरी परीक्षा.

वाईला पोचल्यावर पहिल्याच सकाळी ढोल्या गणपतीच्या घाटावर गेलो. देवळाची मागची भिंत माशासारखी निमुळती बांधली आहे. कृष्णेचा पूर तिच्यावर दुभंगून जावा म्हणून. मी मोठ्या उत्साहाने पायऱ्यांचे फोटो काढले. पाहतो तो काळाभोर पाषाण राखाडी! कॅमेऱ्याचा हिशेब असा, की जग सारे मध्यम करड्या रंगाचे. काळ्याला तो उजळवतो, पांढऱ्याला मळवतो. म्हणून काळा दगड टिपताना उजेड एक घर कमी करायचा आणि पांढरे लुगडे टिपताना एक घर वाढवायचा. हे कळल्यावर पायऱ्या पुन्हा काळ्या झाल्या.

दुपारी मेणवलीला गेलो. नाना फडणविसांचा वाडा, त्यामागचा घाट आणि देवळाजवळची ती प्रचंड घंटा. १७३९ साली मराठ्यांनी वसई जिंकली, तेव्हा पोर्तुगीजांकडून आलेली. आडोशाच्या उजेडात कोपरे बरगड्यांना टेकवून, श्वास रोखून मी बटण दाबले. घंटा स्पष्ट आली. मग खांब, नक्षी, महिरपी, पारंब्या... मी सुटलोच! या कॅमेऱ्याच्या एका बॅटरीत सुमारे २०० फोटो निघतात हे ठाऊक असूनही दुसरी बॅटरी मी मामांच्या घरी पिशवीत ठेवून आलो होतो.

संध्याकाळी वाईच्या घाटावर परतलो तेव्हा बॅटरीची खूण तांबडी झाली होती. आई पाण्यालगतच्या पायरीवर बसली. तिने लुगडे घोट्यापर्यंत घेतले, पाय पाण्यात सोडले आणि शेजारी कपडे पिळणाऱ्या बाईला विचारले, “तू कुणाची गं सून?” बाईने नाव सांगितले. आई एकदम हसली. बोळक्या तोंडाने, मान मागे टाकून. त्या घरातल्या मुलीबरोबर ती याच पायऱ्यांवर सागरगोटे खेळली होती.

कॅमेरा डोळ्यांशी नेला असता तर पदर सारखा झाला असता. या कॅमेऱ्यात अंतर आधीच ठरवून ठेवता येते. मी ते दोन मीटरवर ठेवले होते. कमरेपाशी धरूनच एकदा बटण दाबले. दुसऱ्यांदा दाबायला गेलो, तो कॅमेरा मिटला होता.

मुंबईला आल्यावर सगळे फोटो कॅमेऱ्यातच पडून राहू नयेत म्हणून निवडक कागदावर छापून आणले. घाट, घंटा, वाडा यांवरून आईने नुसती नजर फिरवली. आपला फोटो मात्र तिने खिडकीपाशी नेला. हात जरासा हललेला, क्षितिज कललेले.

“अरे, ही तर आमची आई बसलीय!” ती म्हणाली. मग बराच वेळ भिंतीवरच्या तसबिरीकडे पाहत राहिली.

“याची मोठी प्रत करून ठेव. पुढेमागे लागेल तेव्हा हाच लाव. यात कुणाचा खांदा नाही.”

“काहीतरीच काय बोलता, आई!” सौ. म्हणाल्या आणि चहा टाकायला आत गेल्या.

मी प्रत करून आणली. पण ती कपाटात ठेवली नाही. आईच्या पलंगासमोर लावली आहे. आल्यागेल्याला बोलावून ती दाखवते.