ओरलॉकच्या मिशा

रॉबर्ट एगर्सचा 'नोस्फेरातू' हा सिनेमा यायच्या आधीपासूनच मी त्याच्या विरोधात होतो. मुर्नाऊचा त्याच नावाचा १९२२ चा मूकपट मला फार जवळचा. तुळतुळीत टक्कल, उंदरासारखे पुढे आलेले दोन दात, वाढलेली नखं आणि जिन्यावरून वर सरकणारी ती सावली! मॅक्स श्रेकने उभं केलेलं त्यातलं पिशाच्च, काउंट ओरलॉक, पाहिल्यावर दुसरा कुणी त्या जागी नकोच वाटायचा. त्यात नव्या ओरलॉकला जाड मिशा आहेत म्हटल्यावर जगभरचे चाहते बिथरले, आणि त्यांच्यात मीही होतो. अभिजात कलाकृतीला हात लावू नये, हे माझं मत ठाम होतं.

मत हललं ते मिशांवरूनच. मुर्नाऊने जिच्यावरून सिनेमा बेतला ती ब्रॅम स्टोकरची 'ड्रॅक्युला' मी पुन्हा वाचायला घेतली. १८९७ च्या त्या कादंबरीत किल्ल्याच्या दारात पाहुण्याचं स्वागत करणाऱ्या म्हाताऱ्याला लांब पांढऱ्या मिशा आहेत. म्हणजे मिशा आधीपासून होत्या, काढल्या मुर्नाऊने. स्टोकरचा ड्रॅक्युला लंडनमध्ये दिवसाढवळ्या वावरतो. उन्हाने पिशाच्च मरतं ही कल्पना १९२२ च्या सिनेमाची. मी ज्याला मूळ म्हणून कवटाळून बसलो होतो, तेही कुणाचं तरी पुन्हा सांगणंच होतं, आणि तेसुद्धा विनापरवानगी. नावं बदलली तरी स्टोकरच्या पत्नी फ्लॉरेन्स कोर्टात गेल्या, जिंकल्या, आणि १९२५ मध्ये सगळ्या प्रती नष्ट करण्याचा आदेश निघाला. काही प्रती वाचल्या म्हणून सिनेमा वाचला. त्या आदेशाची नीट अंमलबजावणी झाली असती, तर जपायला माझ्याकडे काहीच उरलं नसतं.

मग आपले भयकथाकार नारायण धारप आठवले. रक्तपिपासू पिशाच्चाची पहिली धास्ती मला त्यांच्या 'लुचाई'ने दिली. ती स्टीफन किंगच्या कादंबरीवर बेतलेली आहे हे खूप उशिरा कळलं, आणि कळल्यावरही माझी भीती तसूभर कमी झाली नाही. जो हक्क मी धारपांना आनंदाने दिला, तो एगर्सला का नाकारायचा?

मी पोहरादेवीचा, बंजारा समाजाच्या तीर्थक्षेत्राचा. खरं तर हा प्रश्न मला आधीच पडायला हवा होता. देव आणि पिशाच्च मी एका पंगतीत बसवत नाही, बोलतोय ते सांगण्याच्या रीतीबद्दल. रामनवमीच्या यात्रेत तांड्यातांड्यांतून भजनी येतात. नंगाऱ्यावर थाप पडते, काशाची थाळी वाजते आणि सेवाभायाची, म्हणजे संत सेवालाल महाराजांची, कथा सुरू होते. तीच कथा एक जण एका प्रसंगावर रेंगाळून सांगतो, दुसरा तोच प्रसंग दोन ओळींत उरकून पुढे निघतो. ऐकणारी म्हातारी माणसं कुरकुरतात, 'आमच्या वेळचा गाणारा वेगळा होता' म्हणतात, पण उठून जात नाहीत. ऑक्टोबर २०२४ मध्ये गावात बंजारा विरासत संग्रहालय उघडलं, नंगाऱ्याच्या आकाराचं. तिथे आमचाच इतिहास नव्या तंत्राने मांडलाय, आणि मी त्याचं मनापासून स्वागत केलं. त्यानंतर तीनच महिन्यांनी, जानेवारीत, 'नोस्फेरातू' भारतात लागला, तेव्हा मात्र मी नाक मुरडत होतो.

मग सिनेमा पाहिला. कुजलेल्या चेहऱ्यावर त्या मिशा अशा दिसतात की हा कधीकाळी मानी सरदार होता हे पटतं. त्याहून मोठं काम एगर्सने नायिका एलेनच्या बाबतीत केलंय. मुर्नाऊची एलेन शेवटी बलिदान देते, पण तिच्या मनात काय चाललंय ते आपल्याला फारसं कळत नाही. इथे सिनेमा तिच्यापासूनच सुरू होतो: एकटी पडलेली मुलगी काळोखात कुणाला तरी साद घालते आणि भलताच जागा होतो. एलेन झालेल्या लिली-रोझ डेपचं झटके येऊन वाकणारं शरीर पाहताना मला गावाकडच्या त्या बायका आठवल्या, ज्यांचं दुखणं कुणी विचारलं नाही, फक्त 'बाहेरचं आहे' म्हणून मोकळे झाले. असं मुर्नाऊ पाहताना मला कधी झालं नव्हतं.

काही तक्रारी अजून आहेत. नवा सिनेमा लांबला आहे. ओरलॉक बोलतो फार. मूकपटातल्या त्याच्या गप्प उभं राहण्यात जी जरब होती, ती या घोगऱ्या आवाजात नाही. शहरावरून फिरणारा सावलीचा हात देखणा आहे, पण जिन्यावरच्या सावलीची सर त्याला येत नाही. चाहत्यांशी या मुद्द्यांवर मी अजूनही भांडेन. पण हा सिनेमा काढायलाच नको होता, असं आता म्हणणार नाही. गावातल्या पोरांनी विचारलं तर आधी नवाच दाखवीन. तो पाहून घाबरले की जुना शोधायला ती आपणच येतील.