पानशेतच्या वाटेवर

आषाढ सरून श्रावण लागला, की पुण्याच्या नैऋत्येकडील रस्त्याला रविवारी जत्रेचे रूप येते. पुरते उजाडण्याच्या आधीच दुचाक्या, मोटारी आणि बसगाड्या यांची रीघ सुरू होते. कोणी सिंहगड चढावयास निघालेला असतो, कोणी पानशेतचे धरण पाहावयास, तर कोणी केवळ पावसात उभे राहून गरम भजी खावयास. पुणेकराला सहलीचे ठिकाण विचारले, तर तेथे काय पाहावे हे तो मागाहून सांगतो. तेथे काय खावे हे आधी. निदान या रस्त्यापुरते तरी हे अगदी खरे आहे.

वडगाव, धायरी, नांदेड ही एके काळी शेतांची गावे होती. आज तेथे सहा-सात मजली इमारती दाटीवाटीने उभ्या आहेत. २०२१ साली पुण्याभोवतीची २३ गावे महानगरपालिकेच्या हद्दीत आली, तेव्हा त्यांत नांदेड, किरकटवाडी आणि खडकवासला यांचाही समावेश झाला. शहर वाढले, की त्याच्या आधी एखादे चहाचे दुकान वाढत्या टोकाला जाऊन बसते आणि पाठोपाठ मिसळ, इडली, वडापाव येतात. ज्या चौकात मागच्या वर्षी बैलगाडी वळत होती, तेथे या वर्षी डोसा उलटण्याचा आवाज ऐकू यावा, अशी ही वाढ आहे.

खडकवासल्यापाशी मात्र इमारतींची रांग एकदम तुटते आणि उजव्या हाताला पाण्याचा मोठा विस्तार दिसू लागतो. हा मुठा नदीवरील जलाशय. धरण जुने, इंग्रजी अमदानीतील. पलीकडच्या तीरावर राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीचा परिसर आहे. १९५५ सालापासून तेथे तिन्ही सेनादलांचे भावी अधिकारी एकत्र शिक्षण घेतात. अलीकडच्या तीरावर हातगाड्यांची ओळ असते. निखाऱ्यावर मक्याची कणसे तडतडतात. त्यांवर लिंबाची फोड मीठ-तिखटात बुडवून चोळली जाते. समुद्र नसताना पुणेकरांनी या काठाला चौपाटी म्हणावे, ही त्यांची हौस!

पुढे डोणज्याजवळ रस्त्याला फाटा फुटतो. डावीकडची वाट सिंहगडाकडे चढते. गडावर पिठले-भाकरी, वांग्याचे भरीत आणि मातीच्या मडक्यात लावलेले दही खाल्ल्यावाचून गड पाहिला असे मानण्याची पद्धत नाही. पानशेतला जाणारा मात्र सरळ जातो. पाणी कधी झाडीआड लपते, कधी पुन्हा सोबतीला येते. भातखाचरांत गुडघाभर चिखलात वाकलेली माणसे दिसतात. डोंगरउतारावर नाचणी आणि वरी डोलत असते. पुण्यापासून सुमारे ४० किलोमीटर आल्यावर डोंगर जवळ सरकतात आणि दोन धरणे शेजारी-शेजारी दिसतात. आंबी नदीवरचे पानशेत आणि मोसे नदीवरचे वरसगाव. पानशेतच्या जलाशयाला तानाजीसागर म्हणतात. वरसगावच्या जलाशयाला मोसे खोऱ्याचे शूर देशमुख बाजी पासलकर यांचे नाव दिलेले आहे.

येथे करण्यासारखे पुष्कळ आहे. अंगात तरंगते जाकीट घालून होडीत बसावे. जवळच्या निळकंठेश्वराच्या डोंगरावर चढून पुराणकथांतील प्रसंगांच्या मूर्ती पाहाव्या. काहीच करावयाचे नसेल, तर काठावर बसून ढग डोंगरावरून कसे उतरतात ते पाहावे. पाण्यात उतरण्याचा मोह मात्र आवरावा. वरून शांत दिसणाऱ्या या पाण्याचा तळ एका पावलावर एकदम खोल जातो, आणि पोहता येते म्हणून उतरलेल्या तरुणांनाही त्याने सोडलेले नाही.

हे पाणी किती? खडकवासल्यात सुमारे दोन अब्ज घनफूट पाणी मावते. पानशेतमध्ये साडेदहा अब्ज घनफुटांहून अधिक. म्हणजे रस्त्याच्या कडेने ज्याला प्रवासी मोठा जलाशय समजत आला, तशा पाचांचे पाणी या एका धरणात आहे. हे पाणी आंबी-मुठेतून खडकवासल्यास येते आणि तेथून पुण्याच्या नळांत. काठावर बसून भेळ खाणारा मनुष्य कागदी द्रोण पाण्यात भिरकावतो, तेव्हा तो आपल्याच घरच्या हंड्यात टाकीत असतो. पण ही गोष्ट त्याला काठावर सुचत नाही.

या धरणाचे नाव घेताच पुण्यातील वृद्ध माणसे क्षणभर गप्प होतात, त्याला कारण आहे. १९६१ साली धरण बांधून होत आले होते. परंतु पाणी बाहेर सोडण्याच्या मोरीचे काम हवे तसे पुरे झालेले नव्हते. त्या वर्षी पाऊस जोराचा झाला आणि जलाशय भराभर भरला. मोरीवरचा मातीचा भराव खचू लागला. सैन्यातील जवानांनी भर पावसात वाळूची पोती रचून धरण सावरण्याची शिकस्त केली. परंतु १२ जुलैच्या सकाळी धरण फुटले. तो लोंढा खडकवासल्यावर आदळला. तेही धरण तुटले. आणि पुण्यातील नदीकाठच्या पेठा बघता बघता पाण्याखाली गेल्या. मातीच्या भिंतींचे जुने वाडे साखरेसारखे विरघळले. पूर ओसरला, तेव्हा शहरात चिखल उदंड होता आणि पिण्याला पाणी नव्हते, कारण धरणच नाही तर नळाला पाणी येणार कोठून? पेशवेकालात कात्रजच्या तलावातून शहरात आणलेल्या पाण्याचे हौद आणि वाड्यांतले विसरलेले आड तेव्हा लोकांच्या उपयोगी पडले. पुढे बेघर झालेल्या कुटुंबांसाठी सहकारनगर, गोखलेनगर, लोकमान्यनगर अशा वसाहती उभ्या राहिल्या. त्या वेळी शहराच्या कडेला असलेल्या या वसाहती आज ऐन शहरात आहेत, आणि तेथेही संध्याकाळी खाण्याच्या गाड्यांपुढे गर्दी असते. पानशेतचे धरण १९७२ साली पुन्हा बांधून पूर्ण झाले.

पुण्याचे दुःख पुण्याने सांगितले. ते पुस्तकांत आले, लोकांच्या बोलण्यात राहिले. धरणाच्या आतल्या बाजूला काय गेले, हे सांगणारे मात्र थोडे.

ते ऐकावयाचे असेल, तर पानशेतच्या एखाद्या साध्या खानावळीत दुपारी जेवावयास बसावे. पत्र्याचे छप्पर, शेणाने सारवलेली जमीन, कोपऱ्यात चूल. चुलीपाशी एक म्हातारी भाकरी थापीत असते. परातीत तांदळाच्या पिठाची उकड मळून ती गोळा हातावर घेते, आणि तो परातीत पडताच बोटे अशी भराभर फिरतात, की गोळ्याची भाकरी केव्हा झाली ते कळू नये. तव्यावर टाकली, की वरून पाण्याचा हात फिरवायचा, उलटायची, आणि मग निखाऱ्यासमोर उभी धरायची. भाकरी टम्म फुगते. पिठले शेजारी रटरटत असते. त्यात लसूण आणि हिरवी मिरची सढळ हाताने ठेचून घातलेली असते. शहरात याच जेवणाला चौपट पैसे पडतात. शिवाय असली भाकरी मिळत नाही ती नाहीच.

शहरातून आलेला एखादा मुलगा दुसरी भाकरी संपवून चुलीकडे टक लावून बसतो.

"आजी, तुमचं गाव कोणतं?" तो सहज विचारतो.

"माजं? ह्ये काय समोर." म्हातारी पिठाळलेल्या हाताने दाराबाहेर दाखविते.

मुलगा पाहतो. समोर पाण्यावाचून दुसरे काही नाही.

"पाण्यात?"

"पाण्यात न्हाई बाळा, पाण्याखाली. घर व्हतं, खाचरं व्हती, आंब्याची झाडं व्हती. धरण बांधलं तवा समदं गेलं. दीर-जावा दौंडाकडं गेली जमिनी घेऊन. आमी वर सरकलो ते हितंच." आणि त्याच स्वरात ती विचारते, "आनिक वाढू का पिठलं?"

पुष्कळ कुटुंबांची गोष्ट अशीच आहे. काही पूर्वेकडे दौंडच्या बाजूला गेली. भाताच्या चिखलात वाढलेल्या माणसांना तेथील कोरडे माळ आपलेसे करावे लागले. काहींनी डोंगराच्या कडेलाच झोपडी हलविली. ज्या पाण्याने त्यांचे शेत घेतले, ते पाहावयास येणारा शहरी मनुष्य आता त्यांचे पीक झाला आहे. पावसाळ्यात हे पीक चांगले येते. उन्हाळ्यात खानावळीतील बाके रिकामी राहतात, आणि जलाशयाचे पाणी हटत हटत तळाकडे जाते.

"उन्हाळ्यात ये," म्हातारी मुलाला म्हणते. "वैशाखात पानी हटलं की बांध उघडं पडत्यात. तवा दावते तुला आमचं खाचर कुठं व्हतं त्ये."

मुलाचे वडील पैसे देतात. म्हातारी सुटे पैसे मोजून देते आणि वर एक शेंगदाण्याची वडी मुलाच्या हातावर ठेवते.

सायंकाळी परतीची बस पाण्याच्या कडेकडेने निघते. गाडीतले बहुतेक लोक पेंगत असतात. कोणी डब्यातली उरलेली कणसे वाटतो. कोणी वाटेत चहाला थांबावे म्हणून आग्रह धरतो. तो मुलगा खिडकीच्या काचेवरची वाफ शर्टाच्या बाहीने पुसून बाहेर पाहतो आहे. पाऊस पुन्हा सुरू झाला आहे. डोंगर काळा पडला आहे, पाणीही काळे पडले आहे, आणि एकाची कड कोठे संपते व दुसऱ्याची कोठे सुरू होते, हे आता ओळखता येत नाही.

"बाबा," तो विचारतो, "वैशाख म्हणजे कोणता महिना?"