चार शब्दांचा निरोप

परकी भाषा शिकताना पाव, पाणी, रस्ता, तिकीट हे शब्द लवकर जिभेवर बसतात, कारण त्यांच्यावाचून अडते. कुणाच्या मृत्यूच्या प्रसंगी काय बोलावे, हे शिकण्याची वेळ बहुतेकांवर फार उशिरा येते. धर्मगुरूला ती सवलत नाही.

काही वर्षांपूर्वी डेन्मार्कमधील एका लहानशा कॅथलिक धर्मग्रामात आम्ही काही महिने सेवेसाठी होतो. त्या देशात १५३६ साली धर्मसुधारणा झाली. कॅथलिकांना मोकळेपणाने उपासना करण्याचा हक्क परत मिळाला तो १८४९ च्या राज्यघटनेने. आजही तेथे शंभरांत एक माणूससुद्धा कॅथलिक भरत नाही. रविवारच्या मिस्साला पोलिश, व्हिएतनामी, श्रीलंकेचे तामिळ आणि मूठभर डॅनिश कुटुंबे येत. या सर्वांची सामाईक भाषा डॅनिश. तेव्हा ती शिकणे आम्हांस भागच होते. (मराठी आणि डेन्मार्क यांची गाठ तशी जुनी आहे. विल्यम केरी यांचे मराठी व्याकरण १८०५ साली बंगालमधील ज्या श्रीरामपुरात छापले गेले, त्या गावावर तेव्हा डेन्मार्कच्या राजाचा झेंडा होता. म्हणून तेथे कुणी मराठी माणूस डॅनिश शिकला असेल, असे मात्र आम्हांस वाटत नाही.)

आमच्या शिक्षिका शाळेतून निवृत्त झालेल्या वयोवृद्ध बाई होत्या. पहिल्याच दिवशी त्यांनी आम्हांस ‘तू’ म्हटले. वसईत धर्मगुरूला कुणी असे संबोधले, तर घरची वडीलधारी माणसे डोळे वटारतील. डेन्मार्कमध्ये मात्र आदरार्थी ‘तुम्ही’ गेल्या पन्नास-साठ वर्षांत जवळजवळ लोप पावले आहे. राजघराण्याशी बोलताना ते अजून राखतात, एवढेच. अशा सलगीच्या भाषेत औपचारिक बोलणे उरले असेल तरी कोठे, असा प्रश्न आम्ही विचारला. बाईंनी पाठ्यपुस्तक मिटले आणि वर्तमानपत्रातील मृत्युवार्तांचे पान पुढे ठेवले.

त्या पानावर दोन प्रकारचा मजकूर होता. एक, घरच्यांनी दिलेल्या जाहिराती. त्यांत नाव, तारखा आणि मायेचे दोन शब्द. दुसरा, मित्रांनी वा सहकाऱ्यांनी लिहिलेले स्मृतिलेख. या स्मृतिलेखांपैकी कितीतरी एकाच वाक्यावर संपत होते. त्याचा उच्चार आपल्या लिपीत साधारण असा लिहिता येईल : ‘एऽरेद वेऽर हान्स मेने.’ शब्दशः अर्थ, ‘सन्मानित असो त्यांची स्मृती.’ मृत व्यक्ती स्त्री असेल, तर ‘हान्स’च्या जागी ‘हेनेस’. अनेक असतील, तर ‘देरेस’. कुणी पहिल्या शब्दाचे शेवटचे अक्षर गाळून ‘एऽर वेऽर’ असेही लिहितात. मग अर्थ ‘सन्मान असो त्यांच्या स्मृतीला’ असा होतो. दोन्ही रूपे छापलेली आढळतात. बाईंचा आग्रह पहिल्या रूपाचा होता, कारण दुसऱ्याने त्यांना देवदूतांचे नाताळचे स्तोत्र आठवे. त्याचा डॅनिश आरंभ त्याच दोन शब्दांनी होतो. माणसाला देवाच्या गौरवाचे शब्द कशाला, असे त्यांचे म्हणणे. आम्हांस ते पटले.

हे वाक्य कुणी आणि कुणाला म्हणायचे, हे शिकण्यात मात्र दोन गुरुवार गेले. विधवेचा हात हातात घेऊन ते म्हणत नाहीत. तेथे सांत्वनाचे साधे शब्द आहेत. मुलगाही आपल्या बापाविषयी ते सहसा म्हणत नाही. तो ‘सर्वांबद्दल आभार’ अशा अर्थाचे दोन-तीन छोटे शब्द थडग्याच्या दगडावर कोरतो. ‘सन्मानित असो’ म्हणणारा माणूस एखाद्या समुदायाच्या वतीने उभा असतो : शाळेच्या, कारखान्याच्या, गायनमंडळाच्या. भाषणाच्या किंवा लेखाच्या अगदी शेवटी ते येते, आणि त्यानंतर काहीही बोलायचे नसते. थट्टेतही त्याचा वापर होतो; मोडीत निघालेल्या सायकलीला कुणी मित्रांमध्ये हेच चार शब्द वाहतो. बाई म्हणाल्या, “ते ऐकून हसावे, पण पाहुण्याने तसे म्हणू नये.”

सेमिनरीत लॅटिन घोकलेल्या आमच्या कानाला त्यातील ‘वेऽर’ ओळखीचे वाटले. ‘रेक्विएस्कात’ म्हणजे ‘विसावो’. क्रियापदाचे हेच इच्छादर्शक रूप. डॅनिश भाषेने ते रोजच्या बोलण्यातून काढून टाकले आहे. राजाचा जयजयकार, देवाचा आशीर्वाद आणि मृतांचा निरोप अशा ठरावीक शब्दप्रयोगांत तेवढे ते टिकले आहे. मराठीत ते अजून जिवंत आहे. आपली आजी दिवसातून दहा वेळा ‘देव भले करो’, ‘सुखी राहो’ म्हणते, आणि कंटाळा आला की आपण सगळेच ‘असो’ म्हणून विषय मिटवतो. सोप्या असलेल्या गोष्टीचे मोल राहत नाही, असेही कधी वाटते. चौकातल्या फलकावर ‘भावपूर्ण श्रद्धांजली’ वाचताना आपण त्यातला भाव शोधायला थांबत नाही.

तरी धर्मगुरू म्हणून आमची एक हरकत होतीच. या वाक्यात देव नाही, आत्मा नाही, प्रार्थना नाही. लॅटिन सूत्र मृतासाठी शांती मागते. हे वाक्य मागते ते स्मृतीसाठी, आणि तेही कुणाकडे, ते सांगत नाही. सन्मान करणार कोण? आम्ही हे बोलून दाखविले, तेव्हा बाई म्हणाल्या, “ऐकायला जे उभे असतील, ते. म्हणून हे वाक्य रिकाम्या हाताने म्हणू नकोस, पास्टर. आधी स्मृती पुढे ठेव, मग तिचा सन्मान माग.”

पुढे दोनच आठवड्यांनी एक वृद्ध पोलिश गृहस्थ वारले. काचघरांतील भाजीच्या मळ्यात त्यांनी आयुष्य काढले होते. नातलगांपैकी कुणी आले नाही. ऑर्गनवादक, शवपेटी आणणारे दोघे, शेजारीण आणि आम्ही, एवढेच चर्चमध्ये होतो. विधी आमच्या पुस्तकाप्रमाणे होणार होता आणि त्यात आत्म्यासाठी प्रार्थना होतीच. त्याबाबत आम्ही निश्चिंत होतो. चिंता होती ती शेवटच्या दोन शब्दांची. ज्याला आम्ही तीनदाच भेटलो, त्याची कोणती स्मृती पुढे ठेवायची? आणि कोणत्या समुदायाच्या वतीने?

विधीपूर्वी शेजारणीला विचारले. ती बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, की बर्फ पडला की तो पहाटे आपल्या पायऱ्या झाडण्याआधी तिच्या झाडून ठेवी, एकवीस हिवाळे. तो तिच्याशी फारसे बोलला नाही. त्याचे डॅनिश कच्चे होते.

आम्ही तेवढेच सांगितले. पायऱ्या, बर्फ, एकवीस हिवाळे. आमचेही डॅनिश कच्चेच. मग ते चार शब्द म्हटले आणि थांबलो. ऑर्गनवादकाने लगेच वाजवायला घेतले नाही. शेजारीण उठून उभी राहिली होती. शवपेटी आणणाऱ्या दोघांनी तिच्याकडे पाहिले आणि हात जुळवून मान खाली घातली.

परतण्यापूर्वी धर्मग्रामाची वार्षिक सभा झाली. तेथील रीतीप्रमाणे अध्यक्षांनी हिशेबाला हात घालण्याआधी वर्षभरात गेलेल्या सभासदांची नावे वाचली. सात नावे होती. पोलिश गृहस्थांचे पाचवे. सगळे उभे राहिले. अध्यक्षांनी ‘देरेस मेने’ म्हटले, अनेकवचनात, क्षणभर खुर्च्यांचाही आवाज नव्हता. दाराजवळच्या शेवटच्या रांगेत ती शेजारीण होती. ती कॅथलिक नव्हती, सभासदही नव्हती; आली होती आणि उभी होती.