दुसऱ्याच्या मातीतलं गाणं गाणाऱ्या जो अ‍ॅन केली यांना

प्रिय जो अ‍ॅन केली यांना,



तुमचा आवाज पहिल्यांदा ऐकणाऱ्याला वाटतं, ही बाई मिसिसिपीच्या कापसाच्या शेतांतच वाढली असणार. तुम्ही तर लंडनच्या! ५ जानेवारी १९४४ चा जन्म, दक्षिण लंडनमधलं स्ट्रेटम. धाकटा भाऊ डेव्हही पुढे तुमच्यासारखंच ब्लूज, म्हणजे अमेरिकेतल्या काळ्यांचं गाणं, गाऊ लागला. समुद्रापलीकडचं ते गाणं तुम्ही दोघांनी आधी रेकॉर्डवर ऐकून ऐकून शिकून घेतलंत.

मी क्युपर्टिनोहून लिहितेय. इथे गणपतीत मराठी मुलं लावणी नाचतात, गोंधळ घालतात, अभंग गातात. बहुतेकांचा जन्म इथलाच. लांब जन्मलेल्या माणसाने दुसऱ्या मातीतलं, दुसऱ्यांनी सोसलेलं गाणं कसं गावं, हा आमच्या घराघरातला प्रश्न आहे. त्याचं उत्तर मला तुमच्याकडे सापडतं.

कंट्री ब्लूज म्हणजे एक गिटार आणि एक गळा. ड्रम नाही, बेस नाही. उजव्या हाताचा अंगठा जाड तारांवर ठेका धरून असतो, शेजारी तबलजी बसवल्यासारखा. बाकीची बोटं बारीक तारांवर गळ्याला उत्तरं देतात. गिटार अशी लावायची की तारा मोकळ्या छेडल्या तरी कॉर्ड वाजावी. मग डाव्या बोटात काचेची नळी घालून ती तारांवरून सरकवली की थेट मींड निघते. हे हात तुम्ही अनेक वर्षांच्या रियाजाने कमावलेत.

तुमचा आदर्श मेम्फिस मिनी. पुरुषांच्या मैफलीत स्वतः गिटार घेऊन बसणारी कृष्णवर्णीय बाई. १९२७ च्या मिसिसिपीच्या महापुरावरचं गाणं तिने आणि कॅन्सस जो मॅकॉयने १९२९ मध्ये रेकॉर्ड केलं. १९७१ मध्ये लेड झेपलिन या ब्रिटिश रॉक बँडने ते पुन्हा गायलं आणि जगभर पोचवलं. मिनी तेव्हा पक्षाघाताने व्हीलचेअरला खिळलेली होती. १९७३ मध्ये ती गेली.

गोऱ्या गायकांनी काळ्यांचं गाणं गाऊन नाव कमवावं आणि मूळ गायक विपन्नावस्थेत जावेत, हा अन्याय खराच आहे. तुम्ही मात्र त्या जुन्या गायकांच्या शेजारी जाऊन बसलात. १९६९ मध्ये मेम्फिसच्या कंट्री ब्लूज महोत्सवात गायलात, मिसिसिपी फ्रेड मॅकडॉवेलबरोबर गायलात. हे मॅकडॉवेल मिसिसिपीतल्या कोमो गावचे शेतकरी. इथून तासाभरावर एल सेरिटोत ज्यांची आर्हूली रेकॉर्ड्स कंपनी होती, त्या क्रिस स्ट्राखविट्झ यांनी १९६४ मध्ये त्यांचं गाणं रेकॉर्ड केलं होतं. स्ट्राखविट्झही जर्मनीतून आलेले. परक्या माणसाने मन लावून ऐकलं की गाणं कसं जपलं जातं, याची तुम्ही दोघं मोठी उदाहरणं आहात.

१९६९ मध्येच तुमच्या नावाचा अल्बम निघाला. कॅन्ड हीट या अमेरिकन बँडकडून बोलावणं आलं, गिटारवादक जॉनी विंटरकडूनही. तुम्ही दोघांनाही नकार दिलात. जोरकस इलेक्ट्रिक बँडमध्ये शिरला असतात तर आज तुमचं नाव घरोघरी असतं. तुम्ही मुख्यतः आपली गिटार घेऊन छोट्या मंचांवर गात राहिलात. १९८८ मध्ये मेंदूत गाठ निघाली, आणि २१ ऑक्टोबर १९९० ला, अवघ्या शेहेचाळिसाव्या वर्षी तुम्ही गेलात. ब्रिटिश ब्लूजचा विषय निघाला की आजही आधी पुरुषांचीच नावं घेतली जातात. याची मला मनापासून चीड येते.

बायकांच्या कलेची अशी उपेक्षा आमच्याकडेही झाली. वाईच्या यमुनाबाई वाईकरांनी बैठकीची लावणी आयुष्यभर सांभाळली. त्या कोल्हाटी समाजातल्या. त्यांना पद्मश्री मिळाली ती २०१२ मध्ये, नव्वदी ओलांडल्यावर. ज्या बायकांनी समाजाची हेटाळणी सोसून ही कला टिकवली, त्यांची माहिती नऊवारी नेसून मंचावर उभ्या राहणाऱ्या आमच्या मुलींना हवी. गाणं कुणीही गावं. मात्र ते कष्टाने शिकावं, आणि ज्यांच्याकडून आलं त्यांचं नाव घेऊन गावं. तुम्ही तसंच गायलात.

येत्या गणपतीत लावणीच्या आधी यमुनाबाईंची ओळख करून द्यावी, असा आग्रह मी धरणार आहे. आणि गिटार शिकणाऱ्या मुलींना आधी मेम्फिस मिनी ऐकवीन, मग तुम्हाला.

आपली एक श्रोती,
क्युपर्टिनो, कॅलिफोर्निया