नोंदीत न मावणारी मुलं

२० ऑगस्ट २०१० चा एक शासन निर्णय आहे. पहिली ते आठवीच्या मुलांचं मूल्यमापन कसं करायचं, ते त्यात सांगितलं आहे. आकारिक, संकलित हे शब्द तेव्हापासून शिक्षकांच्या तोंडी बसले आणि त्यांच्याबरोबर आणखी एक काम आलं, वर्णनात्मक नोंदींचं. मुलाला कशाची आवड आहे, त्याच्या स्वभावात विशेष काय आहे, कुठं सुधारणा हवी, हे शिक्षकानं बघून आपल्या शब्दांत लिहायचं. हेतू चांगला होता. गणितात चाळीस गुण मिळवणारं मूल चाळीस गुणांपेक्षा मोठं असतं, हे सरकारी कागदावर कुणीतरी मान्य केलं होतं.

पुढं काय झालं ते शिक्षकांना ठाऊक आहे. तालुक्याच्या स्टेशनरी दुकानांत तयार नोंदींच्या पुस्तिका आल्या. नंतर घरोघरी मोबाईल आले आणि त्याच नोंदी फुकटात फिरू लागल्या. 'इतरांना मदत करतो.' 'गटात काम करताना पुढाकार घेतो.' 'वर्गात शांत असतो.' हजेरीपटाच्या क्रमानं वरून खाली उतरवत जायचं, साठ मुलं एका दुपारी पूर्ण. मी शिक्षकांना दोष देत नाही. ज्याच्या डोक्यावर मतदारयादी, खिचडीचा हिशेब आणि दोन तुकड्या आहेत, तो साठ मुलांची मनं कधी वाचणार?

पण त्या नोंदींतलं एक वाक्य मला नेहमी खटकत आलं. 'वर्गात शांत असतो.' ही नोंद आपण कौतुकाची समजतो. तीस वर्षांच्या नोकरीत मी जी शांत मुलं पाहिली, त्यांतली स्वभावानं शांत अशी फार थोडी होती. कुणाला भाषा येत नव्हती. कुणी रात्री बापाबरोबर मागावर उभं राहून आलेलं असे, त्याला झोप आवरत नसे. कुणाच्या घरी काहीतरी घडलेलं असे आणि ते सांगायला त्याच्याकडे शब्द नसत.

हल्ली या सगळ्याला सामाजिक-भावनिक शिक्षण असं नाव आहे. १९९४ साली अमेरिकेत या कामासाठी एक संस्था निघाली आणि तिथून हे नाव जगभर गेलं. दिल्ली सरकारनं २०१८ साली शाळांमध्ये आनंदाचा तास सुरू केला. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात तर हा शब्दच आला. आपल्याकडे २०२४ मध्ये 'आनंददायी शनिवार' आला. नाव नवं आहे, काम जुनं. साने गुरुजी १९२४ ते १९३० अशी सहा वर्षं अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये होते. तिथल्या छात्रालयात ते मुलांसाठी हातानं लिहून 'छात्रालय दैनिक' काढत. मुलांच्या खोल्या झाडत, आजारी मुलाच्या उशाशी बसत. आपण त्यांना मातृहृदयी म्हणून फोटोत बसवलं, हा भाग वेगळा. मला त्यांचं ते दैनिक महत्त्वाचं वाटतं. रोज सकाळी मुलांशी काहीतरी बोलायचं ठरवलेला माणूस रोज मुलांकडे बघतही असणार.

मी यंत्रमागाच्या गावातल्या एका मराठी हायस्कूलमध्ये मराठी शिकवत असे. गावात जिल्हा परिषदेची उर्दू शाळा सातवीपर्यंत. तिथली मुलं आठवीला आमच्याकडे येत, दरवर्षी दहा-बारा तरी. आपल्या वाचकांपैकी कितीतरी जण हाच पूल ओलांडून आले असतील, त्यांना जास्त सांगायला नको. घरात दखनी, सात वर्षं शाळेत उर्दू, आणि जूनच्या एका सोमवारी एकदम सगळं मराठीत.

अशीच एक मुलगी आली होती. सातवीत तिचा पहिला नंबर होता, हे मला तिच्या दाखल्याबरोबर आलेल्या तिच्या अम्मींनी सांगितलं. आमच्या वर्गात मात्र पहिल्या आठवड्यात ती उभी राहून म्हणाली, "मॅडम, माझी पुस्तक घरी राहिली." वर्ग हसला. दुसऱ्या दिवशी ती "माझा घर" म्हणाली, परत हसला. तिसऱ्या दिवसापासून ती बोललीच नाही. सहामाहीला सगळे शिक्षक म्हणाले, मुलगी मठ्ठ आहे, पण शांत आहे.

आता यात मठ्ठपणा कुठं आहे? उर्दूत नपुंसकलिंग नाही. किताब स्त्रीलिंगी, म्हणून पुस्तक 'ती'. घर तिकडे पुल्लिंगी, म्हणून 'माझा घर'. मुलगी चुकत होती ती नियमानं चुकत होती. हे मी वर्गाला फळ्यावर मांडून दाखवलं आणि हसणाऱ्या मुलांना सांगितलं, आता तुम्ही किताब, कलम, कागज यांची लिंगं ओळखा. भल्याभल्यांची दांडी उडाली. त्या दिवशी वर्ग परत हसला, पण या वेळी हसण्यात तीही होती.

गणिताचं दुखणं आणखी वेगळं होतं. गणिताच्या सरांची तक्रार होती की तिला त्रिकोणसुद्धा माहीत नाही. तिला त्रिकोण माहीत होता, पण मुसल्लस या नावानं. गणित म्हणजे रियाजी, गुणाकार म्हणजे जर्ब, भागाकार म्हणजे तकसीम, भूगोल म्हणजे जुगराफिया. सात वर्षं कमावलेलं सगळं ज्ञान तिच्याजवळ होतं, फक्त त्याच्या पेटीवरची नावं बदलली होती. मी उर्दू शाळेतल्या एका गुरुजींना गाठलं. आम्ही दोघांनी बसून दोन-अडीचशे शब्दांची यादी केली, एका बाजूला उर्दू, दुसऱ्या बाजूला मराठी. सायक्लोस्टाइल करून दरवर्षी जूनमध्ये त्या मुलांच्या हातात देऊ लागलो. गणिताचे सर आधी म्हणाले होते, "हे भाषेचं काम, माझं नाही." तेच नंतर तास सुरू होताना "मुसल्लस म्हणजे त्रिकोण" असं म्हणू लागले. त्यांचा उच्चार ऐकून मुलं खूष व्हायची.

हे भावनिक शिक्षण का शैक्षणिक, असं कुणी विचारलं तर मला सांगता येणार नाही. भीती गेली म्हणून गणित आलं की गणित आलं म्हणून भीती गेली? २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या २९ व्या कलमात एक ओळ आहे. मूल भीती, मानसिक आघात आणि चिंता यांपासून मुक्त राहील आणि आपलं मत मोकळेपणानं मांडू शकेल, असा अभ्यासक्रम असावा. १७ व्या कलमानं छडीही काढून घेतली आणि मानसिक छळही. आमचे पालक मात्र मुलाला शाळेत घालताना खुशाल म्हणत, "मास्तर, हड्डी हमारी, चमडी तुम्हारी." त्यात विश्वासच असतो, हे मी जाणते. पण चमडी कुणाची असते हे त्या मुलाला विचारलेलं मी ऐकलं नाही.

प्रशिक्षणांत सांगतात, मुलांना रोज विचारा, आज कसं वाटतंय? आम्ही विचारून पाहिलं. उत्तर ठरलेलं, "बरं वाटतंय, मॅडम." साठ वेळा बरं. मनाचे शब्द माणूस घरात शिकतो आणि घरच्याच भाषेत बोलतो. "जी घबराता", "दिल नै लगता", "मेरेकू कैसाकी होता" हे ज्याला म्हणायचं आहे, त्याला 'मला अस्वस्थ वाटते' हे पाठ्यपुस्तकी मराठी वाक्य देऊन काय उपयोग? म्हणून मी एक केलं. महिन्यातून एकदा निबंधाऐवजी वाटेल त्या बोलीत, वाटेल त्या लिपीत लिहायचं. धनगरवाड्याची मुलं त्यांच्या बोलीत लिहायची, आमची दखनीत. व्याकरणाचे गुण नाहीत, लाल शाई नाही. मराठीच्या तासाला दखनी कशाला, असं स्टाफरूममध्ये बोललं गेलं. मी म्हटलं, आधी मूल तरी बोलू दे, मग ते मराठीत बोलेल.

सामाजिक म्हणतात त्या बाजूबद्दल एक आठवण सांगते. १ मार्च २००३ च्या शनिवारी सेंच्युरियनला विश्वचषकातला भारत-पाकिस्तान सामना झाला. सचिन ९८ वर गेला आणि तरीही आपण सहा गडी राखून जिंकलो. सोमवारी नववीच्या वर्गात एकानं शेजारच्या बाकावरच्या मुलाला विचारलं, "तू कुणाच्या बाजूनं होतास रे?" विचारणारा काही वाईट नव्हता. घरी ऐकलेलं बोलला. ज्याला विचारलं त्याला सचिनचा एकेक फटका पाठ होता, पण तो गप्प बसला.

आमच्या शाळेत परिपाठाला दहा मूल्यं म्हणून घेत. सर्वधर्मसहिष्णुता, राष्ट्रीय एकात्मता, संवेदनशीलता. एक सहकारी म्हणाले, उद्या परिपाठात एकात्मतेवर बोला. दुसरे म्हणाले, त्या पोरालाच सचिनच्या खेळीवर बोलायला उभं करा, म्हणजे सगळ्यांना कळेल. मला ते दोन्ही पटलं नाही. चौदा वर्षांच्या मुलानं भर वर्गात उभं राहून आपली बाजू सिद्ध करायची, हा त्याच प्रश्नाचा दुसरा फेरा झाला. आपल्यातल्या मोठ्या माणसांनासुद्धा याची सवय झालेली असते, कुणी विचारण्याआधीच खुलासा देण्याची. ती सवय मुलांना लावायची नाही असं मी ठरवलं.

मी वर्गात चिठ्ठ्या वाटल्या. म्हटलं, प्रत्येकानं एक प्रश्न लिहायचा, जो मला कुणी विचारू नये असं वाटतं. नाव घालायचं नाही. सगळ्या चिठ्ठ्या डब्यात गोळा करून मी एकेक वाचली. तुझी फी भरली का? तू एवढी काळी कशी? तुझे वडील आज पण पिऊन आले का? तुमच्यात मटण कुठलं खातात? तुझी जात कोणती? तुला आई नाही का? सुरुवातीला खसखस पिकली, मग हळूहळू वर्ग गप्प झाला. आमच्याबरोबर एक तरुण शिक्षणसेवक होते, त्यांनीही एक चिठ्ठी टाकली होती, 'सर, तुम्हाला पगार किती?' ती वाचल्यावर मात्र सगळे मोकळेपणानं हसले, तेही हसले.

त्या मुलाचं अक्षर मला माहीत होतं. त्याची चिठ्ठी सामन्याबद्दल नव्हतीच. तिच्यावर लिहिलं होतं, 'अब्बा कधी येणार?' त्याचे वडील सौदीला ड्रायव्हर होते. चार वर्षं आले नव्हते.

पुढं दोघे एकाच संघातून कबड्डी खेळले वगैरे गोष्ट जोडता येईल, पण तसं काही झालं नाही. प्रश्न विचारणाऱ्यानं परत तसा प्रश्न विचारला नाही, एवढंच.

आता आपल्या घरातलं थोडं बोलू. समाजातल्या काही होतकरू लोकांनी शाळा काढल्या, मुली शिकू लागल्या, ही अभिमानाची बाब आहे. पण दहावीच्या निकालाच्या दिवशी शंभर टक्क्यांचे जे फलक लागतात, ते मी जरा थांबून वाचते. काही शाळांत, आपल्या आणि इतरांच्याही, नववीतली कच्ची मुलं हेरतात आणि पालकांना बोलावून सांगतात, सतरा नंबरचा फॉर्म भरा. म्हणजे मूल बाहेरून परीक्षा देणार, नापास झालं तर शाळेच्या टक्क्याला धक्का नाही. मुलगा असेल तर तो मागावर किंवा गॅरेजमध्ये जातो. मुलगी असेल तर घरात बोलणी सुरू होतात. मी सांगितलेली ती मुलगी सहामाहीच्या गुणांवर त्या वाटेला लागलीच असती. ती दहावी झाली, पुढं डी.एड. केलं. शंभर टक्क्यांच्या फलकावर अशी नावं नसतात. कोण गळालं, हे कुणी विचारत नाही.

मोहल्ल्यात आम्ही आयांच्या बैठका दुपारी तीनला घेत असू, जोहरची नमाज आणि जेवणं आटोपल्यावर. संध्याकाळच्या पालकसभेला बाप येत आणि गुणपत्रिकेवर सही करून जात. दुपारी आया यायच्या आणि बोलायच्या. मुलगा रात्री दचकून उठतो, मुलगी जेवत नाही, मोठा भाऊ मारतो. कितीतरी प्रगतिपुस्तकांचा अर्थ मला त्या ओट्यांवर बसून लागला. समुपदेशक नेमा, अशी मागणी जरूर करावी, त्याची गरज आहेच. पण खेड्यातल्या शाळेला तो मिळेपर्यंत ओटा आहे आणि दुपारही आहे.

उर्दू शाळेतले ते गुरुजी आता हयात नाहीत. आमची यादी माझ्या कपाटात होती, कडा पिवळ्या पडलेली. त्याच हायस्कूलमध्ये नव्यानं लागलेली एक शिक्षिका ती मागायला आली. तिनं मोबाईलवर फोटो काढून घेतले, चार शब्द चुकलेले दाखवले आणि विज्ञानाचे शब्द फार कमी आहेत म्हणाली. ते ती घालणार आहे.