आजीच्या आंब्याचा डोंगा

आमचं घर वैनगंगेच्या या काठाला, चामोर्शी तालुक्यात, आणि धानाच्या बांध्या नदीपलीकडे. २६ ऑगस्ट १९८२ ला गडचिरोली जिल्हा वेगळा झाला, तेव्हापासून तर घर एका जिल्ह्यात अन् शेत दुसऱ्यात. त्याआधी सारा चांदाच होता, पण नदी मधी होतीच.

ढिवरांचे डोंगे लहान, मासोळीपुरते. त्यात नांगर, पऱ्हे, धानाची पोती कशी मावणार? म्हणून १९७४ च्या उन्हाळ्यात बाबानं धुऱ्यावरचा आंबा तोडला. तो आजीनं लग्न होऊन आली त्या वर्षी लावला होता. आजी भांडली नाही. आठ दिवस बाबाशी बोलली नाही, एवढंच.

सोळा हात लांब खोड निघालं. गावातला एक म्हातारा ढिवर रोज येऊन बसे अन् सांगे, आम्ही करू. आधी कुऱ्हाडीनं वरचा भाग सपाट केला. मग पोटात गोवऱ्यांचा विस्तव ठेवायचा, जळलेला कोळसा वाकसानं खरवडायचा, परत विस्तव. काठाला आग लागू नये म्हणून ओली माती लिंपायची. बूड चार बोटं जाड, बाजू दोन बोटं. जाडी कशी कळते? तो म्हातारा बोटाच्या पेरानं ठोकून आवाज ऐके. मी तेरा-चौदा वर्षांचा, मलेही ठोकून पाहू दे, पण मले सारे आवाज सारखेच वाटत. उन्हानं तडकू नये म्हणून वर ओली तनीस. दीड महिना लागला. बारीक भेगा चिंध्या अन् डांबरानं बुजवल्या.

बाबाचा नियम एकच : सहा पोती, दोन माणसं. काठ पाण्याच्या वर वीतभर दिसला पाहिजे. जास्त सामान असलं तर दुसरा डोंगा मागून आणायचा, दोन्ही बाजूबाजूला बांबूनं बांधायचे अन् वर फळ्या टाकायच्या. एकदा तर नाटकवाल्यांचे पडदे, पेटी, तबला अन् रंगाची ट्रंक असंच नेलं. बैल मात्र पोहत येत, मी कासरा धरून.

नाटकाचंच वेड नडलं. १९८३, धान निघालं होतं, रात्री शेजारच्या गावात नाटक. दोन खेपा कोण मारते? मी सहाच्या जागी अकरा पोती टाकली. काठ चार बोटं वर होता. मधल्या डोहावर वारा सुटला, एक लाट आत आली, मी पोतं सरकवायला वाकलो अन् डोंगा कलंडला. मी पोहत निघालो. चार पोती सापडली, ओली. त्यात बियाण्याचं एकही नव्हतं. दुसऱ्या साली बियाणं दीडीनं घ्यावं लागलं.

बाबा काही बोलला नाही, ते जास्त लागलं. आजी काठी टेकत घाटावर आली. नऊ वर्षांत ती त्या डोंग्यात एकदाही बसली नव्हती, मार्कंड्याच्या जत्रेलाही बंडीनंच जाई. पोत्यांकडे तिनं पाहिलंच नाही. उलट्या पडलेल्या डोंग्यावरून हात फिरवला अन् विचारलं, "याले लागलं त नाही ना गा?"

आता पुलावरून ट्रॅक्टर जातो. लांब पडते, पण जातो. गोसीखुर्दचं पाणी सोडलं की नदी कधी फुगेल याचा नेम नाही, डोंगा कोणी घालत नाही. आमचा डोंगा कोठ्यापाशी आहे. एक टोक कुजलं ते कापून टाकलं, तिथं फळी ठोकली. बैल त्यातच पाणी पितात.